खांब वाचणारी

"पहिलीत बसव तिला. डाव्या हाताची खोली," हेडमास्तर घोलप म्हणाले आणि त्यांनी चहाच्या ग्लासाभोवती दोन्ही हात गुंडाळले. डिसेंबरातली सकाळ होती. निफाडकडची थंडी अशी, की माणूस बोलायच्या आधी त्याची वाफ बाहेर येते.

"सर, ती तिसरीत आहे," मी म्हणाले.

"कुठं?"

"आमच्या गावाला. पेठ तालुक्यात."

"तिथं असेल." त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उघडलं आणि चेतनासमोर सरकवलं. "वाच बाळ, इथून."

चेतना म्हणजे माझी धाकटी बहीण, आठ वर्षांची. घरात तिची टकळी थांबवायला दोन माणसं लागतात. पण त्या पुस्तकापुढे ती अशी उभी राहिली, जशी कुणाच्या तरी लग्नात चुकून शिरली असावी आणि आता कुणीतरी तिला कोण तू म्हणून विचारणार असावं. "का... काव..." एवढं तिने म्हटलं आणि स्वेटरची बाही तोंडात घातली.

"बघ," सर म्हणाले. रागावले नव्हते, कंटाळले होते. "द्राक्षाच्या हंगामात दरवर्षी तुमच्याकडची वीस-पंचवीस पोरं येतात. चार महिने बसतात, निघून जातात. ज्याला वाचता येत नाही त्याला वरच्या वर्गात बसवून मी काय करू?"

मागच्या वर्षीही त्यांनी हेच केलं होतं. चेतना तेव्हा दुसरीत होती. नाकातून शेंबूड गळणाऱ्या बारक्या पोरांबरोबर तिला चार महिने बसवलं. फाल्गुनात आईबाबांबरोबर ती गावी परतली तेव्हा आमच्या गावच्या शाळेतल्या तुंगारबाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं, तर ही भिंतीला चिकटून उभी. जेवढं येत होतं तेवढंही पुसलं गेलं होतं.

यंदा तिला शाळेत घेऊन आले होते मी, कारण आईला बागेतली तिची ओळ सोडता येत नव्हती. आषाढात लावणीच्या वेळी बाबा बांधावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. ते गावीच राहिले. त्यांच्या जागी आईबरोबर मी बागेत आले, आश्रमशाळेतून माझी पत्र्याची पेटी उचलून. चौदा वर्षांची होते. बाबांची कात्री माझ्या हातात, बाबांची ओळ माझ्या नावावर. खरं सांगायचं तर मला त्याची ऐटच वाटत होती.

"मग ती पहिलीत बसणार नाही," मी म्हणाले.

हे कोण बोललं म्हणून मीच दचकले. तोपर्यंत कुठल्याही सरांसमोर 'हजर' सोडून मी दुसरा शब्द काढलेला नव्हता.

"मग कुठं बसणार?"

"घरी. मी शिकवीन. महिन्याने आणते. तिने वाचलं तर तिसरीत बसवाल?"

"घर कुठाय तुमचं?"

"बागेत. आप्पा राजोळ्यांच्या."

सर हसले. "बागेत शाळा. बरं. वीस जानेवारीला आण. वाचलं तर तिसरी. नाही वाचलं तर पहिली, आणि मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"नाही घालणार. पण मग तुम्हीपण नाही घालायचा."

बाहेर आल्यावर चेतनाने बाही तोंडातून काढली. "तू सरांना दम दिलास?"

"गप चाल."

"मी आईला सांगणार."

आईला तिने सांगितलंच. आई कात्री चालवता चालवता थांबली. आई थांबत नाही कधी, एवढ्यावरून काय ते समजा. "अगं, ते मोठे लोक. उद्या आप्पांना म्हणाले, तुमची मजुरीण उलट बोलते, तर? बसली असती पहिलीत. उबेत तर बसली असती."

"मागच्या वर्षी बसली होती ना उबेत. काय झालं?"

शेजारच्या ओळीतून जिजामावशीने मान बाहेर काढली. ही आमच्याच गावची, आईची मैत्रीण, आणि टोळीतल्या प्रत्येकाच्या भानगडीत तिचं एक बोट असतंच. "यसू, तुझ्या रोशनीला आता वकीलच कर. कात्री तिच्या तोंडातच आहे."

मी ठरवून तर आले होते, पण शिकवायचं कधी? सकाळी उजाडलं की विरळणी सुरू. विरळणी म्हणजे काय, तर घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. एकेका बाईने एकेक ओळ धरायची आणि खांबामागून खांब करत पुढे सरकायचं. आपल्या ओळीतला एकही घड सुटता कामा नये. अंधार पडेतो हेच. खोलीवर परतल्यावर चेतना भाकरीचा तुकडा हातात धरूनच झोपी जायची. तेव्हा तिला अक्षरं दाखवायची म्हणजे निजलेल्या गाईला गवत दाखवण्यासारखं.

पण दिवसभर ती आमच्याजवळच असायची ना. पाण्याची बाटली घेऊन आईच्या मागे मागे, या खांबापासून त्या खांबापर्यंत. मग मी ओळीतच शाळा भरवली.

आप्पांच्या गोदामात मागच्या हंगामातल्या पेट्यांचे पुठ्ठे पडून होते. वीस मागून आणले. आमच्या बागेत ओळीला वीस लोखंडी खांब. एकेका पुठ्ठ्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरात दोन-दोन वाक्यं लिहिली आणि तार ओवून खांबाखांबावर अडकवली. वाक्यं माझीच. 'कमल नमन कर' वगैरे मला लिहायचं नव्हतं, तसलं वाचून कुणाला पुढच्या खांबापर्यंत जावंसं वाटेल? मी लिहिलं: आप्पांची गाडी चिखलात रुतली. आप्पा बैलाला मामा म्हणाले. मी लिहिलं: जिजामावशी घोरते. मांजर घर सोडून जाते.

पहिल्या दिवशी मी एकेक पुठ्ठा बोट ठेवून वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी निम्मे. पाचव्या-सहाव्या दिवशी चेतना आईच्या पुढे धावायला लागली. चौथ्या खांबापाशी उभी राहून ती असा आवाज लावायची की तीन ओळी पलीकडे ऐकू जावा: "जिजामावशी घोरते. मांजर घर सोडून जाते."

"कोण गं ही मास्तरीण," जिजामावशी पलीकडून म्हणायची. "तिला म्हणावं, मांजर गेलं ते तुझ्या गाण्याला कंटाळून."

एकदा आप्पा मोटारसायकलवरून आले. कानटोपी, मफलर, वर एक शाल. त्यांनी पुठ्ठ्यांकडे बघितलं. नशीब, त्यांच्या गाडीचा पुठ्ठा तेव्हा पलीकडच्या टोकाला होता.

"हे काय लटकवलंय? पोरगी वाचणार, बाया ऐकत बसणार, हात मंदावणार."

आईने मान खाली घातली. मी म्हणाले, "आप्पा, संध्याकाळी बघा. आमची ओळ मागे राहिली तर पुठ्ठे शेकोटीत घाला."

आप्पांनी खरंच संध्याकाळी येऊन बघितलं. आई सगळ्यांच्या पुढे होती. ऐकायला काहीतरी असलं की हात आपोआप चालतात, हे ती नंतर म्हणाली. आप्पा मोटारसायकलला किक मारून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाड काळं पेन पाठवून दिलं.

रोज नवी ओळ धरायची, तर रोज पुठ्ठेही नव्या ओळीत हलवायचे. पहिल्या खांबावर पहिला, दुसऱ्यावर दुसरा. मी फार शिस्तीची. एकही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. जानेवारीच्या अकरा तारखेपर्यंत चेतना विसाच्या वीस पुठ्ठे न अडखळता वाचत होती. मी तर मनातल्या मनात घोलप सरांपुढे उभी राहून भाषणही करून टाकलं होतं.

बारा तारखेला फवारणी होती. ट्रॅक्टरच्या ब्लोअरखाली पुठ्ठे भिजतील म्हणून आईने ते काढून ठेवले. दुपारी फवारा वाळल्यावर तिनेच ते परत अडकवले. मी पाणी भरायला गेले होते. हंडा घेऊन येत होते तर चौथ्या खांबापाशी चेतना उभी, छाती काढून, आवाज तोच: "जिजामावशी घोरते. मांजर घर सोडून जाते."

तिच्या नाकासमोरच्या पुठ्ठ्यावर आप्पांची गाडी चिखलात रुतलेली होती. आणि पुठ्ठा उलटा टांगलेला होता.

मी हंडा खाली ठेवला. "पुढचा वाच."

ती पाचव्या खांबाकडे गेली. तिथे होता बारावा पुठ्ठा. तिने पाचवा म्हणून दाखवला. सहाव्याशी सहावा. सातव्याशी सातवा. एक शब्द चुकला नाही.

"चेतना," मी म्हणाले, "तू अक्षरं नाही वाचत. तू खांब वाचतेस."

तिला कळेचना काय चुकलं ते. "तूच सांगितलेलंस ना, इथं घोरते म्हणून."

मी फार वाईट बोलले तिला. ढ म्हणाले, ठोंबी म्हणाले, पहिलीतच जा म्हणाले. आठ दिवस राहिले होते आणि आम्ही सरांच्या त्या टेबलापाशीच उभ्या होतो. मी चौथ्या खांबावरचा तो पुठ्ठा ओढून फाडला. चेतना रडायच्या आधी उचक्या देते, तशा उचक्या सुरू झाल्या.

आई ओळीतून बाहेर आली. आधी तिने खाली पडलेले तुकडे उचलले. मग मला म्हणाली, "तिला कशाला बोलतेस? मीपण अशीच आहे."

"तुझं वेगळं."

"काय वेगळं? पेठच्या स्टँडवर आपली गाडी तिसऱ्या जागी लागते. मला पाटी कुठं येते, मी जागा बघून बसते. परवाच्या साली तिथं दुसरीच लावली. हरसूलला जाऊन उतरले मी. रात्र काढली स्टँडवर. तुम्हांला सांगितलं नाही." तिने चेतनाचं नाक पदराने पुसलं. "रोज तीच जागा दाखवशील तर पोरगी जागाच शिकेल. बागेतली पोर आहे ती. ओळ कळते तिला."

माझी शिस्त, माझे नंबर. सगळं माझ्याच अंगावर आलं.

"उद्यापासून पुठ्ठे मी लावणार," आई म्हणाली.

"तुला वाचता येत नाही."

"म्हणूनच. काय कुठं लावलं ते माझं मलाच कळायचं नाही. मग तिला कुठनं कळेल?"

"आणि ती बरोबर वाचते की चूक, हे तुला कसं कळणार?"

आईने समोरच्या घडातले दोन मणी कातरले. "ती मला वाचून दाखवेल. मी ते लक्षात ठेवीन. संध्याकाळी तू तेच पुठ्ठे मला वाचून दाखव. दोन्ही जुळलं तर बरोबर."

"वीसच्या वीस लक्षात ठेवशील? दिवसभर काम करून?"

"खांब मी लक्षात ठेवते," ती चेतनाला म्हणाली, "तू अक्षरं ठेव."

त्या आठ दिवसांत मी रोज पहाटे शेकोटीच्या उजेडात वीस नवी वाक्यं लिहिली, पुठ्ठ्यांच्या मागे, मग पेट्यांच्या झाकणांवर, मग सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या कागदावर. आई ती पत्त्यांसारखी पिसायची आणि हाताला येईल तसं टांगत जायची. कधी उलटं. चेतना मान वाकडी करून आधी ते सुलटं करायची, ह्यावरूनच मला पहिल्यांदा धीर आला.

पहिला दिवस भयंकर गेला. वीस खांबांना अख्खा दिवस लागला. एकेका शब्दापाशी चेतना अशी घुटमळायची, की आई दोन वेली पुढे जाऊन परत यायची. पण मी सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं. "तू तुझी ओळ बघ." मी पलीकडे दात खात मणी कातरत होते.

संध्याकाळी चुलीपाशी हिशेब. आई नागलीची भाकर थापत डोळे मिटून सांगायची, "पहिल्या खांबाशी ती म्हणाली, कोंबडी आप्पांच्या कानटोपीत बसली."

मी पुठ्ठा बघायचे. "बरोबर."

"दुसऱ्याशी म्हणाली, बाबा काठी घेऊन नाचतात."

"चालतात लिहिलंय."

"नाचतात म्हणाली ती."

चेतना म्हणायची, "चालतातच होतं. मला नाचतात पाहिजे होतं."

"जे आहे ते वाचायचं," आई म्हणायची. "पाहिजे ते नाही."

पहिल्या दिवशी विसातले सहा जुळले. तिसऱ्या दिवशी अकरा. पाचव्या दिवशी पुठ्ठ्यावर 'जिजामावशीचं लुगडं हिरवं आहे' असं होतं. चेतनाने ते वाचलं आणि पलीकडे डोकावून म्हणाली, "रोशे, चुकलंय, निळं आहे." मी कात्री तारेला अडकवली आणि तिथेच खाली बसले. जिजामावशी म्हणाली, "हिला काय झालं? ऊन तर नाहीये." सातव्या दिवशी अठरा.

वीस तारखेला आई म्हणाली, "मीपण येते."

"तुझी ओळ?"

"थांबेल."

ती कामाच्याच कपड्यांत आली. लुगड्यावर बाबांचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, बोटं वेलीच्या रसाने काळी. घोलप सरांनी तिला खुर्ची दिली नाही, तिने मागितलीही नाही. सरांनी तिसरीचं पुस्तक उघडलं. चेतनाने वाचलं. सावकाश, प्रत्येक शब्द पायरी उतरल्यासारखा, पण वाचलं. अर्धं पान.

सरांनी पुस्तक मिटलं. "छान पाठ केलंय."

"पाठ नाही सर," मी म्हणाले.

"अगं, महिनाभरापूर्वी तिला 'कावळा' येत नव्हता. हे पुस्तक सगळीकडे मिळतं. मला काय कळत नाही?"

महिनाभर मी ज्या भाषणाची तयारी केली होती, त्यातलं एक अक्षर आठवेना. कारण आठच दिवसांपूर्वी ते बरोबर ठरले असते.

आई म्हणाली, "सर, तिला न दाखवलेलं द्या. काहीही द्या."

"काहीही म्हणजे?"

"तुमच्या टेबलावर जे असेल ते."

सरांनी वैतागून इकडेतिकडे बघितलं. हाताशी लांबट जाड वही होती, ती उघडून त्यांनी चेतनापुढे फिरवली. हजेरीपट होता. त्यात वाक्यं नसतात, गोष्ट नसते, अंदाज करायला काही म्हणजे काहीच नसतं. नुसती नावं, आणि तीही कुणा शिक्षकांच्या घाईघाईच्या हातातली.

चेतनाने बोट ठेवलं. "अनुष्का... दत्तू... वाघ. आ... आर्यन संजय... शिर... शिरसाठ." सर टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकले. तिचं बोट खाली खाली सरकत होतं. नवव्या नावाशी ते थांबलं.

"अडलं," सर म्हणाले.

"नाही," चेतना म्हणाली. "चेतना हिरामण भोये." तिने पान वर सरकवलं, अगदी वरची ओळ बघितली आणि सरांकडे मान वळवली. "सर, इथं पहिली लिहिलंय. चुकलंय. मी तिसरीत आहे."

सरांनी त्याच दिवशी, मागच्याच महिन्यात, आम्ही पाठ वळवल्यावर तिचं नाव लिहून टाकलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, थंडीने म्हणावं तर खोलीत ऊन आलं होतं.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "जा. उद्या वर्गशिक्षकांना सांगून बदलून घेतो."

मी निघाले होते. चेतनाही. आई जागची हलली नाही.

"आत्ता लिहा, सर," ती म्हणाली.

"अहो बाई, उद्या होईल ना."

"मला वाचता येत नाही. उद्या लिहिलं की नाही लिहिलं, मला कळायचं नाही. आत्ता लिहा, पोरगी वाचेल."

आईचा आवाज वर गेला नव्हता. ती घडातला मणी काढताना जशी असते, तशीच उभी होती. सरांनी पेन उघडलं. एका वहीतलं नाव खोडलं, दुसरी वही ओढली, लिहिलं, आणि वही स्वतःच चेतनाकडे फिरवली.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"इयत्ता तिसरी. चेतना हिरामण भोये."

"जुळलं," आई म्हणाली.

सर पहिल्यांदाच खरं हसले. चेतनाला म्हणाले, "जा, उजव्या हाताची शेवटची खोली," आणि ती गेलीसुद्धा, आम्हांला टाटा न करता.

मी आईचा हात ओढला. दोन ओळी खोळंबल्या होत्या, तिची आणि माझी. पण आई त्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघत होती.

"रोशे, तुझं नाव कुठल्या वहीत आहे?"

महिनाभर माझी जीभ कुठे अडली नव्हती. सर, आप्पा, जिजामावशी, सगळ्यांना पुरून उरले होते मी. आता मला एवढंच सांगायचं होतं की कुठल्याच नाही, आणि ते तोंडातून निघेना. आश्रमशाळेने दिवाळीनंतर खोडलं असणार. मी स्वतःला कधी विचारलंही नव्हतं.

"ती कितवीत?" सरांनी विचारलं.

"आठवी," आईनेच सांगितलं. "इथं आहे का आठवी?"

"नाही, इथं सातवीपर्यंत. हायस्कूल पलीकडच्या गावात. दोन किलोमीटर. पण आता जानेवारीत..." त्यांनी आईच्या तोंडाकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. "चिठ्ठी देतो मी."

फाटकाबाहेर आलो. डावीकडचा रस्ता बागेकडे, उजवीकडचा हायस्कूलकडे. चिठ्ठी आईच्या मुठीत होती.

"आई, बाबांची ओळ कोण धरणार?"

"मी धरीन."

"दोन-दोन ओळी? आप्पा ओरडतील."

"ओरडू देत." तिने चिठ्ठी माझ्या हातात दिली. "चालता चालता वाच. काय लिहिलंय ते मला सगळं सांग."

आणि ती उजवीकडे वळली.